बर्फाचा काना

फाथि फाथिर.

दगडावर हे दोन शब्द असे एकाला एक लागून येतात. पहिल्याचा अर्थ ‘रंगवल्या’, दुसऱ्याचा ‘बापानं’. दक्षिण स्वीडनमध्ये ऱ्योक नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या चर्चशेजारी, छपराखाली, इसवी सन ८०० च्या सुमाराचा एक ग्रॅनाइटचा दगड उभा आहे. पाच बाजू अक्षरांनी भरलेल्या, अगदी माथासुद्धा सोडलेला नाही. मोजली तर साधारण ७६० अक्षरं भरतात. ही अक्षरं म्हणजे रुना, उत्तर युरोपातली जुनी लिपी, आणि दगडावर कोरलेला इतका लांब रून-लेख जगात दुसरा नाही. काही शतकं हा दगड चर्चच्या बांधकामात चिणलेला होता, म्हणून वाचला. बराचसा मजकूर कोड्यांचा आहे आणि अभ्यासक अजून त्याच्याशी झटताहेत. सुरुवात मात्र लख्ख आहे. वामोथसाठी या रुना उभ्या आहेत. आणि वारिननं, बापानं, मरण कपाळी आलेल्या लेकासाठी त्या रंगवल्या.

‘कोरल्या’ असं तो म्हणत नाही. ‘रंगवल्या’ म्हणतो.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती दुसऱ्याच कामासाठी बाहेर पडले असताना. लिनश्योपिंगहून, म्हणजे मी राहते तिथून, तासाभराचा रस्ता. फलकावरचा तो तर्जुमा वाचला आणि माझे पाय तिथंच थांबले, कारण माझे वडील पेंटर. चित्रकार या अर्थानं नाही. आमच्याकडे गावागावांत ज्याला ‘पेंटर’ म्हणतात त्या अर्थानं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि कोनशिला. पाथरवट अक्षर कोरून जायचा, मग अण्णा जाऊन ते रंगानं भरायचे. खाचेत रंग सोडायचा, थोडा सुकू द्यायचा, मग रॉकेलमध्ये बुडवून घट्ट पिळलेलं फडकं दगडावरून सपाट फिरवायचं. वरचा सगळा रंग निघून जातो, खाचेतला तेवढा राहतो. लहानपणी फडकं पिळायचं काम माझ्याकडे असायचं. फडकं जास्त ओलं राहिलं तर खाचेतला रंगही ओढला जातो, आणि मग अण्णा काही न बोलता परत डबा उघडायचे. कोरलेला दगड त्यांच्या लेखी अर्धाच असायचा. ‘अजून वाचता येत नाही तो,’ म्हणायचे.

ऱ्योकहून परतल्यावर मी शोधत गेले, तर वारिन एकटा नव्हता. नॉर्वेत आइनांग इथं एका थडग्याच्या उंचवट्यावर चौथ्या शतकातला दगड आहे, उभा केला त्याच जागी अजून उभा. त्यावर एकच वाक्य : मी गोदागस्तिझ, रून रंगवली. तिथंही क्रियापद तेच, त्याचं चारशे वर्षं जुनं रूप. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या ‘पिश्’ धातूशी सांगतात, आणि ‘पिश्’चे अर्थ दोन : कोरून घडवणं आणि सजवणं. म्हणजे ज्या काळी हा शब्द जन्मला, त्या काळी छिन्नी आणि रंग ही दोन वेगळी कामं नसावीत. स्वीडनमध्येच ओव्हरसेल्योच्या चर्चपाशी एका बाईनं, गुथलाउगनं, आपल्या मुलांसाठी दगड उभे केले आणि त्यावर कोरून घेतलं की इथं हे दगड उभे राहतील, रुनांनी तांबडे झालेले. ‘तांबडे झालेले’साठी तिथं ‘रुथ्निर’ असा शब्द आहे. हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. आपला ‘रुधिर’ त्याच मुळाचा.

हा रंग होता कसला, तेही कळलं आहे. ओलांड बेटावर श्योपिंगच्या चर्चमध्ये रूनदगडांचे तुकडे सापडले. बांधकामात गाडले गेल्यामुळे ऊन-पावसापासून ते बचावले होते आणि त्यांच्यावर तांबडा आणि काळा रंग अजून टिकून होता. इतर दगडांवरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. काळा म्हणजे काजळी, तांबडा कधी गेरू आणि बऱ्याचदा शिशाचा तांबडा. 

शिशाचा तांबडा म्हणजे शेंदूर.

शिसं भट्टीत भाजत राहिलं की आधी पिवळं पडतं, मग केशरी-तांबडं होतं, तोच. तेलात कालवून मारुतीला चढवतात तोच. वेशीवरच्या म्हसोबाचा, शेताच्या बांधावरच्या दगडाचा शेंदूर. हा धागा मी ताणून जोडत नाहीये. व्हायकिंग काळातल्या माणसाला आपल्या वेशीची कल्पना नव्हती आणि आपल्याला त्याच्या. पण उघड्यावरच्या दगडाला जिवंत करायचं तर कोणती भुकटी हाताशी घ्यावी, हे दोघांच्या हातांनी सारखंच ठरवलं. फरक पुढं पडला. आपल्याकडे दगडाला शेंदूर दर शनिवारी नाहीतर दर सणाला चढत राहिला, थरावर थर, इतके की मूळ मूर्ती दिसेनाशी झाली. वणीच्या सप्तशृंगीवरचा लेप २०२२ साली उतरवला तेव्हा खालचं रूप किती वेगळं निघालं, ते आपण सगळ्यांनी फोटोंत पाहिलं. तिकडे रंग देणारे हात गेले, हजार वर्षांचा पाऊस आणि शेवाळ सगळं धुऊन-खाऊन गेलं. आज स्वीडनच्या रस्त्याकडेला जे दगड तांबड्या अक्षरांत दिसतात, तो रंग आताच्या लोकांनी भरलेला आहे. तो बहुधा फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहमातीचा असतो. इथल्या लाकडी घरांना देतात, तोच.

तर मी चित्र काढायचं ठरवलं. रूनचं. एकाच रूनचं.

निवडली ती ‘ईस’. ईस म्हणजे बर्फ. स्वीडिशमध्ये आजही बर्फाला ईसच म्हणतात. हिवाळ्यात रेडिओवर हवामान ऐकताना या अक्षराचं नाव रोज कानावर पडतं. जुन्या २४ रुनांच्या मालिकेत ती होती, आठव्या शतकाच्या आसपास मालिका आटून १६ वर आली तेव्हाही टिकली. उच्चार ‘इ’. आकार म्हणाल तर एक उभी रेघ. बस्स. बाकीच्या बहुतेक रुना म्हणजे हीच रेघ आणि तिला फुटलेली एखादी फांदी. अक्षराला स्वीडिशमध्ये ‘बूकस्ताव’ म्हणतात आणि ‘स्ताव’ म्हणजे काठी. पाटीवर काना-मात्रा गिरवत शिकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सगळ्या अक्षरांचा कणा जो काना, तोच इथं एकटा उभा आहे, आणि त्याचं नाव बर्फ.

रुनांवर आजकाल पुष्कळ पुस्तकं मिळतात. गोट्यांवर रुना काढून, पिशवीत हात घालून भविष्य पाहण्याची रीत गेल्या चार-पाच दशकांत फार फोफावली आहे. त्यात ईसचा अर्थ दिलेला असतो : थांबा, अंतर्मुख व्हा, वाट पाहा. मला तो पटत नाही. कुणाला त्यातून धीर मिळत असेल तर माझी हरकत नाही, पण चित्र त्यातून निघत नाही. ‘अंतर्मुखता’ रंगवायला बसलं की निळ्या धुक्यात एक पांढरी रेघ येते, आणि मी पहिल्यांदा तेच केलं. कॅनव्हास सुकल्यावर पाहिलं तर कुठल्याशा ध्यान-शिबिराचं जाहिरातपत्रक वाटत होतं. पुसून टाकलं.

ज्यांची ही अक्षरं, त्यांनी काय म्हटलं आहे ते वाचायला हवं होतं. प्रत्येक रूनवर एकेक कडवं, अशा तीन जुन्या रचना उरल्या आहेत, इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलँडमधल्या. इंग्लंडमधली म्हणते, बर्फ अतिशय गार, बेसुमार निसरडा, काचेसारखा लखलखतो, रत्नासारखा, हिमानं घडवलेली जमीन, दिसायला देखणी. ही रचना ज्या हस्तलिखितात होती, ते १७३१ साली लंडनमधल्या आगीत जळालं; १७०५ मध्ये ती छापून ठेवलेली होती म्हणून आज आपल्या हातात आहे. आइसलँडची म्हणते, बर्फ म्हणजे नदीची साल, लाटेचं छप्पर आणि मरण कपाळी आलेल्यांचा घात. ‘मरण कपाळी आलेला’ यासाठी तिथं आलेला शब्द आणि ऱ्योकच्या दगडावर वारिननं लेकासाठी वापरलेला शब्द एकच आहे. फेइग. नॉर्वेची ओळ सगळ्यात लहान आणि मला सगळ्यात जवळची : बर्फाला आम्ही रुंद पूल म्हणतो, आंधळ्याला धरून न्यावं लागतं.

या ओळीपाशी मी बरेच दिवस होते. पूल ही त्या लोकांसाठी थोर गोष्ट होती. नॉर्वेतल्या दिन्ना इथला अकराव्या शतकातला दगड सांगतो की गुनवोरनं आपली लेक आस्त्रिद हिच्या नावानं पूल बांधला, ती हादेलांदमधली सगळ्यात कुशल हातांची मुलगी होती. मेलेल्या माणसासाठी पूल बांधायचा, म्हणजे त्याच्या आत्म्याची वाट सोपी होते, अशी श्रद्धा. आणि हिवाळा आला की तळी, नद्या, खाड्या गोठून असा पूल आपोआप तयार व्हायचा, कुणी न बांधलेला, दिसेल तिकडे पसरलेला. माणसं घसरगाड्या घेऊन निघायची. ज्या गावाला उन्हाळ्यात वळसा घालून जावं लागे, ते हिवाळ्यात नाकासमोर यायचं. मेलारन तळ्यातल्या बिरका या व्यापारी गावात हाडांचे स्केट आणि बुटांना लावायचे लोखंडी काटे सापडले आहेत. थंडी म्हणजे सगळं ठप्प, ही आपली समजूत. त्यांच्याकडे थंडीनं रस्ते उघडायचे.

आणि तोच रस्ता गिळायचाही. ऱ्योकच्या कोड्यांबद्दल २०२० साली चार स्वीडिश अभ्यासकांनी मांडलं की त्यात एका जुन्या थंडीचं भय आहे. ५३६ साली आणि त्यानंतर ज्वालामुखींच्या उद्रेकांनी सूर्य झाकोळला, उन्हाळे नासले, पिकं गेली. ती आठवण पिढ्यानपिढ्या उरली, आणि लेक गमावलेल्या बापाच्या लेखात उजेड परत येईल ना, ही काळजी उतरली. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र वाचल्यावर तो दगड आणखी गार वाटू लागला.

बर्फ तेव्हा मी पाहिला होता तो फक्त फुटपाथवरचा. तळ्यावर मी गेले नव्हते, भीती वाटायची. शेजारी एक आजी राहतात, पंचाहत्तरीच्या, त्या म्हणाल्या, चल. डिसेंबर संपत आला होता, हिमवर्षाव अजून झाला नव्हता, म्हणजे तळ्यावरचा बर्फ उघडा होता. त्यांनी माझ्या गळ्यात दोन खिळेदार मुठी अडकवल्या. आत पडलं तर कडेला खिळे रुतवून स्वतःला वर ओढायचं. हातात टोकदार काठी. ती पुढं जोरात आपटायची. एका फटक्यात आरपार गेली तर मागं फिरायचं. दहा सेंटिमीटर गाभ्याचा बर्फ असेल तर माणूस बिनधास्त चालू शकतो, म्हणाल्या. आणि माझा हात धरला. मी चक्क डोळे मिटून पहिली दहा पावलं टाकली.

डोळे उघडले तेव्हा पायाखाली काळं होतं. पांढरं नाही, निळं नाही. ताजा, एकसंध गोठलेला बर्फ इतका नितळ असतो की त्यातून खालचं काळं पाणीच दिसतं. मी पाण्यावर उभी होते. आणि त्या काळ्यात जागोजागी तडे गेलेले. वरून पाहिलं तर तडा म्हणजे केसाएवढी पांढरी रेघ. जरा वाकून तिरपं पाहिलं की ती रेघ खाली उतरत जाते, पातळ पांढऱ्या पडद्यासारखी, बर्फ जिथं संपतो तिथपर्यंत. म्हणजे तडा दिसतो म्हणूनच बर्फ किती जाड आहे ते कळतं. दुरून कुठून तरी लांबलचक आवाज आला, ताणलेली तार छेडल्यासारखा. मी आजींचा दंड घट्ट धरला. ‘गातोय,’ त्या म्हणाल्या. ‘गाऊ दे.’

ती रेघ मला तिथं दिसली. बर्फाची रून म्हणजे बर्फाचा लोलक नव्हे, काठी नव्हे. तो तडा. जिथून पुलाची जाडी कळते आणि जिथून पूल तुटूही शकतो, ती जागा.

घरी येऊन नव्यानं सुरुवात केली. एक उभी रेघ रंगवायची म्हटल्यावर चित्रकलेतले वडीलधारे आठवतातच. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली बार्नेट न्यूमननं गडद तांबड्या कॅनव्हासच्या मधोमध चिकटपट्टी लावली, तिच्यावर उजळ तांबड्याचा फटकारा मारून पाहिला आणि तिथंच थांबला. पट्टी काढलीच नाही. पुढं कित्येक महिने तो त्या चित्राकडे नुसता बघत राहिला. आणि आपले गायतोंडे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरी घेऊन रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, परत चढवायचे, आणि उजेड कॅनव्हासच्या आतून यायचा. त्यांची चित्रं पुस्तकात पाहून कळत नाहीत. मुंबईला एकदा समोर उभं राहून पाहिलं होतं तेव्हा वाटलं होतं की पाणी आहे. आता वाटतं, गोठलेलं.

माझी ऐपत तेवढी नाही, पण थर चढवणं जमण्यासारखं होतं. लाकडी फळीवर पांढऱ्या खडूच्या लुकणाचे जाड लेप दिले, त्यावर काळपट हिरवा, मग तपकिरी, मग निळसर काळा, प्रत्येक थर तेलात पातळ करून, आठवडा-आठवडा सुकवून. हळूहळू काळं तळं तयार झालं. पुढं मात्र हात चालेना.

त्या दिवसांत शेजारच्या आजी एकदा आल्या आणि भिंतीवर डकवलेली रुनांची कच्ची रेखाटनं पाहून गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ही घरात लावणार आहेस?’ मला कळायला वेळ लागला. सूर्याची रून दोनदा शेजारी-शेजारी काढून नाझींच्या एसएसनं गणवेशावर मिरवली. वाडवडिलांच्या जमिनीची ओथाला त्यांच्या एका डिव्हिजनचं चिन्ह झाली. इथल्या माणसाला रून दिसली की आधी ते आठवतं. मी त्यांना आमच्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाबद्दल सांगितलं. दर दिवाळीला रांगोळीत काढते आणि पाहुणे यायच्या आत मन द्विधा होतं, तेही सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बर्फाची काढ. ती आमची आहे.’

‘आमची’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं होतं की स्वतःकडे, ते मला नीट कळलं नाही.

रेघ कशी मारायची हे शेवटी अण्णांच्या एका जुन्या कामानं सांगितलं. आमच्या गावापासून पाच-सहा मैलांवर एका वस्तीच्या रस्त्याला स्मारकाचा दगड होता. मुलगा सैन्यात होता, परत आला नाही. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणायचे, दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी अण्णांना निरोप धाडायचे आणि मुलाच्या नावाची अक्षरं नव्यानं भरून घ्यायचे. पैसे अण्णांनी कधी घेतले नाहीत. रंगाचा डबा मात्र आबाच आणायचे, तांबडा, दर वर्षी तोच. मी दहा-अकरा वर्षांची असेन, त्या वर्षी आबांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू पिकलेला. दगडाजवळ आले, हातानं खाचा चाचपल्या, म्हणाले, ‘पेंटर, एक अक्षर मला भरू द्या.’ अण्णांनी ब्रश त्यांच्या हातात दिला, वरून स्वतःचा हात ठेवला. म्हणाले, ‘आबा, हा काना आहे. वरून सरळ खाली यायचंय. श्वास सोडत या.’ दोन हात एकत्र खाली आले, फार हळू. रंग खाचेबाहेर ओघळला. मी फडकं पुढं केलं तर अण्णांनी मानेनं नाही म्हटलं. त्या वर्षी तो काना तसाच राहिला, बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड.

मी रेघ रंगवली नाही, कोरली. लाकूड कोरायच्या धारदार छिन्नीनं, त्या काळ्या थरांतून खाली पांढऱ्या लुकणापर्यंत, वरून खाली, श्वास सोडत. थर उलगडत गेले. काळा, तपकिरी, हिरवा, मग पांढरा. त्या खाचेत शेंदराच्या रंगाची ट्यूब पिळली. खरा शेंदूर देवघरातल्या पुडीत आहे, पण शिसं विषारी आणि घरात लहान मूल, म्हणून तो वापरला नाही. थोडं थांबले. मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेलं फडकं सपाट फिरवलं. वरचा रंग गेला. खाचेतला राहिला.

परवा व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला.

‘कोरून भरलंयस.’

‘हो.’

‘खाली जरा जाड झालंय.’

‘हो अण्णा. तसंच ठेवलंय.’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पेंटरनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘वाचायचं कसं हे?’

‘इ.’

‘ऱ्हस्व की दीर्घ?’

रुनांत तो फरक नसतो, एकच रेघ दोन्हीसाठी चालते, असं मी सांगितलं. अण्णांनी मान हलवली आणि बोटानं स्क्रीनवरून एक रेघ वरून खाली ओढली, माझ्या चित्रावरून, सावकाश.